देव ‘काहीही’ करू शकतो का? सर्वशक्तिमान ईश्वर, तर्काचे नियम आणि बौद्ध उत्तर

देवाच्या सामर्थ्याचे वर्णन करायला मराठीत एक जुना संस्कृत शब्दप्रयोग रूढ आहे. कर्तुम्, अकर्तुम्, अन्यथाकर्तुम् समर्थ. म्हणजे जो करू शकतो, न करू शकतो आणि केलेले वेगळ्याच तऱ्हेनेही करू शकतो. रोजच्या बोलण्यात याचेच सोपे रूप आपण ऐकतो. ‘त्याच्या मनात आलं तर काय होणार नाही?’ दवाखान्याच्या व्हरांड्यात, परीक्षेच्या निकालाआधी, शेतात पीक उभे असताना हे वाक्य हमखास कानावर पडते.

या वाक्यातला ‘काय होणार नाही’ हा भाग आपण कधी नीट तपासत नाही. देव काहीही करू शकतो असे म्हणताना या ‘काहीही’मध्ये नेमके काय काय येते? त्याला न उचलता येणारा दगड तो बनवू शकतो का? तीन कोपऱ्यांचा चौकोन काढू शकतो का? घडून गेलेली गोष्ट घडलीच नाही असे करू शकतो का? विहारातल्या रविवारच्या वर्गात मुले असे प्रश्न विचारतात आणि मोठी माणसे हसून विषय बदलतात. पण हा प्रश्न पोरखेळ नाही. जगातल्या मोठ्या विचारवंतांनी त्यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद घातला आहे. बौद्ध परंपरेनेही आपल्या पद्धतीने त्याचे उत्तर दिले आहे. आणि आपल्या वस्त्यांमधल्या आजारपणाशी, जातीशी आणि दुःखाशी त्याचा थेट संबंध आहे. म्हणून तो क्रमाने समजून घेऊ.

अशक्य म्हणजे काय? तीन वेगळ्या गोष्टी

‘अशक्य’ हा शब्द आपण तीन वेगळ्या अर्थांनी वापरतो आणि तिथेच गोंधळ सुरू होतो.

पहिला अर्थ म्हणजे अतिशय अवघड. नागपूरहून मुंबईला पायी जाणे बहुतेकांना अशक्य वाटते, पण ते होऊ शकते. बळ आणि वेळ हवा, एवढेच.

दुसरा अर्थ म्हणजे निसर्गनियमाच्या विरुद्ध. नाग नदीचे पाणी आपोआप चढाकडे वाहू लागले किंवा मेलेला माणूस चार दिवसांनी उठून बसला, असे आपण अनुभवात पाहत नाही. तरी अशा गोष्टीची कल्पना करता येते. तिचे चित्र काढता येते, गोष्ट सांगता येते. चमत्कार म्हणतात तो या प्रकारातला.

तिसरा अर्थ म्हणजे तर्काच्या विरुद्ध. एखादा माणूस एकाच क्षणी, एकाच अर्थाने, दीक्षाभूमीच्या स्तूपाच्या आत आहे आणि आत नाही. चौकोनाला तीनच कोपरे आहेत. सात ही संख्या सम आहे. इथे बळ कमी पडते असे नाही. इथे वाक्यच स्वतःला खोडून काढते. ‘आहे’ म्हटले आणि त्याच श्वासात ‘नाही’ म्हटले, तर आपण काहीच सांगितलेले नसते. अशा गोष्टीचे चित्रही काढता येत नाही.

हा फरक लक्षात ठेवला तर पुढची चर्चा सोपी होते. दुसऱ्या प्रकारचा दावा पुराव्याने तपासावा लागतो. जानेवारी २०२३ मध्ये नागपुरात एका कथावाचकाच्या दिव्यदृष्टीच्या दाव्याला श्याम मानव यांनी अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या वतीने ३० लाख रुपयांचे आव्हान दिले, ते याच प्रकारचे होते. दावा करणाऱ्याने ठरलेल्या अटींवर तो सिद्ध करून दाखवायचा. तशी चाचणी काही झाली नाही. तिसऱ्या प्रकारचा दावा तपासायला मात्र मंच, पंच आणि बक्षीस लागत नाही. वाक्य नीट वाचले की पुरे.

दगडाचा प्रश्न

आता तो प्रसिद्ध दगड घेऊ. देवाने स्वतःला उचलता येणार नाही एवढा जड दगड बनवला, तर उचलण्याच्या बाबतीत त्याचे सामर्थ्य अपुरे. बनवू शकला नाही, तर बनवण्याच्या बाबतीत अपुरे. दोन्हीकडून सर्वशक्तिमानपणा जातो.

तेराव्या शतकातील ख्रिस्ती पंडित थॉमस अक्वायनस याने सर्वशक्तिमानपणाचा जो अर्थ लावला, त्यातून या प्रश्नाचे एक उत्तर निघते. देव सर्वशक्तिमान आहे म्हणजे जे जे होऊ शकते ते सर्व तो करू शकतो. जे स्वतःच्याच विरोधात आहे ती ‘गोष्ट’च नव्हे. म्हणून ती करता न येणे हा देवाचा कमीपणा नाही. ‘सर्वशक्तिमानाला न उचलता येणारा दगड’ हे शब्द तीन कोपऱ्यांच्या चौकोनासारखे आहेत. इस्लामी परंपरेतील अल-गझाली हा ईश्वरी सामर्थ्याचा कट्टर समर्थक. आगीने कापूस जळतो तोही देवाच्या इच्छेने, आगीच्या स्वभावाने नव्हे, इथवर तो गेला. तरी परस्परविरोधी गोष्टी सामर्थ्याच्या कक्षेत येत नाहीत, हे त्यानेही मान्य केले.

याच्या उलट बाजूला सतराव्या शतकातील फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त उभा आहे. १६३० साली लिहिलेल्या पत्रांत त्याने म्हटले की गणिताची सत्येसुद्धा देवानेच ठरवली आहेत. वर्तुळाच्या सगळ्या त्रिज्या समान नसाव्यात असे करायलाही देव मोकळा होता. आपल्या बुद्धीला ते कळत नाही, एवढेच.

भूतकाळाचा प्रश्नही असाच आहे. घडलेले न घडलेले करणे देवालाही शक्य नाही, हे ॲरिस्टॉटलने एका ग्रीक नाटककाराचा आधार देऊन मान्य केले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली. उद्या कोणी इतिहासाची सगळी पुस्तके जाळली, सगळ्या आठवणी पुसल्या, तरी ती झाली हे सत्य बदलत नाही. फार तर लोक ते विसरतील.

म्हणजे ईश्वर मानणाऱ्यांमध्येच दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, देव तर्काच्या चौकटीत सर्वशक्तिमान आहे. दुसरा म्हणतो, तर्कसुद्धा देवाचा हुकूम आहे. हे दोन पक्ष ध्यानात ठेवू. पुढे त्यांची गरज पडणार आहे.

बौद्ध परंपरेने हा प्रश्न कसा हाताळला

बौद्ध साहित्यात दगडाचे कोडे नाही. तिथे प्रश्नाची सुरुवात माणसाच्या वागण्यापासून होते. अंगुत्तर निकायातील तित्थ सुत्तात तथागत तीन मतांचे परीक्षण करतात. माणसाला जे सुखदुःख भोगावे लागते ते सगळे पूर्वकर्मामुळे, सगळे ईश्वराच्या निर्मितीमुळे, किंवा सगळे विनाकारण. ईश्वरवादी मताला त्यांचे उत्तर सरळ आहे. सगळेच ईश्वराने घडवले असेल, तर हत्या करणारा, चोरी करणारा, खोटे बोलणारा हाही ईश्वराच्या निर्मितीमुळेच तसा होतो. मग ‘हे करावे, हे करू नये’ असे म्हणायला जागाच उरत नाही. प्रयत्नाला अर्थ उरत नाही. लक्षात घ्या, ‘सगळे पूर्वकर्मामुळे’ या मतालाही त्यांनी हेच उत्तर दिले आहे. हा मुद्दा पुढे कामाचा आहे.

दीघ निकायातील केवट्ट सुत्तात, ज्याला केवद्ध सुत्तही म्हणतात, एक मार्मिक गोष्ट आहे. एका भिक्खूला प्रश्न पडतो की चार महाभूते निःशेष कुठे लयाला जातात. तो एकेका देवलोकात विचारत जातो. प्रत्येक देव त्याला वरच्या देवाकडे पाठवतो. शेवटी महाब्रह्मा प्रकट होतो आणि उत्तराऐवजी आपल्या मोठेपणाची बिरुदावली सांगू लागतो. मी सर्वांचा स्वामी, कर्ता, निर्माता. भिक्खू म्हणतो, तुम्ही कोण हे मी विचारले नाही, माझ्या प्रश्नाचे उत्तर द्या. अखेर महाब्रह्मा त्याचा हात धरून त्याला बाजूला नेतो आणि कबूल करतो की मला ठाऊक नाही, या देवांसमोर सांगता आले नाही, तुम्ही बुद्धांनाच विचारा. बिरुदे मोठी असली म्हणून उत्तर येते असे नाही, हे सांगायला यापेक्षा चांगली कथा सापडणे कठीण.

जातककथांतही हा सूर आहे. भूरिदत्त जातकात विचारले आहे की ब्रह्मा सगळ्या जगाचा स्वामी असेल, तर जगात इतके दुःख, कपट आणि अन्याय का ठेवले, सगळ्यांना सुखी का केले नाही? महाबोधि जातकाचा मुद्दा असा की माणूस ईश्वराच्या आज्ञेनेच सगळे करत असेल, तर पापाचा डागही ईश्वरालाच लागला पाहिजे.

पुढे आचार्यांनी याला काटेकोर तर्काचे रूप दिले. वसुबंधूंनी अभिधर्मकोशात विचारले की जगाचे एकच एक पूर्ण कारण ईश्वर असेल, तर सगळे जग एकाच क्षणी का निर्माण होत नाही? बी आधी, अंकुर नंतर, फळ त्याहून नंतर असा क्रम का लागतो? ईश्वराच्या इच्छा क्रमाने होतात असे म्हणाल, तर कारण एक उरले नाही. बी, पाणी, ऋतू यांची वाट पाहावी लागते असे म्हणाल, तर तो एकटा समर्थ उरला नाही. धर्मकीर्तींनीही प्रमाणवार्तिकात नित्य, कधीच न बदलणारा ईश्वर बदलत्या जगाचे कारण कसा ठरेल, असा सवाल केला.

विदर्भातल्या वाचकांना नागार्जुनांचे नाव जवळचे वाटेल. तिबेटी परंपरा त्यांचा जन्म विदर्भात सांगते आणि रामटेकजवळच्या मनसरशी त्यांचे नाव जोडले जाते. त्यांच्या नावावर ईश्वराच्या कर्तृत्वाचे खंडन करणारे एक छोटे प्रकरण आहे. ते त्यांचेच की नंतरच्या कोणा आचार्याचे, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पण त्यातला युक्तिवाद आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याचा आहे. ईश्वर काय निर्माण करतो? जे आहे ते, की जे नाही ते? जे आहेच ते निर्माण करायची गरज नाही. आणि जे होऊच शकत नाही, वाळूतले तेल किंवा कासवाच्या पाठीवरचे केस, ते तो निर्माण करू शकत नाही. मग ईश्वराला कोणी केले? त्याने स्वतःला केले म्हणावे, तर कितीही धारदार तलवार स्वतःला कापू शकत नाही आणि कितीही तरबेज डोंबारी स्वतःच्याच खांद्यावर चढून नाचू शकत नाही.

वाळूतून तेल हे आपल्या पहिल्या यादीतले दुसऱ्या प्रकारचे अशक्य आहे, स्वतःच्या खांद्यावर चढणे तिसऱ्या प्रकाराजवळचे. प्राचीन आचार्य दोन्ही उदाहरणे वापरत, पण त्यांचा रोख एकच होता. ‘तो समर्थ आहे’ एवढे म्हटल्याने कारण सांगितले असे होत नाही.

ईश्वरवादी पंडितही गप्प नव्हते. न्याय दर्शनाने ईश्वर मानला, पण शून्यातून जग काढणारा नव्हे. परमाणू नित्य, आत्मे नित्य, ईश्वर त्यांची जुळणी करणारा, कुंभारासारखा. आणि तीही जीवांच्या अदृष्टानुसार, म्हणजे साठलेल्या कर्मानुसार. वेदान्तात हाच पेच आला. जगात एक सुखी, एक दुःखी, तर ब्रह्म पक्षपाती आणि निर्दय नाही का? ब्रह्मसूत्राचे आणि त्यावरील शंकराचार्यांच्या भाष्याचे उत्तर असे की ईश्वर स्वतःच्या लहरीने नव्हे, तर जीवांच्या कर्माकडे पाहून सृष्टी करतो, म्हणून दोष त्याचा नाही.

या उत्तराची किंमत पाहा. ईश्वराला दोषातून सोडवण्यासाठी त्याला कर्माने बांधले गेले आणि दोष दुःख भोगणाऱ्याच्या माथी गेला. जो खालच्या जातीत जन्मला तो स्वतःच्या कर्माने जन्मला. ज्याला तळ्यावरचे पाणी नाकारले त्याचे मागच्या जन्मीचे पाप. ईश्वराच्या सामर्थ्याला मर्यादा घालणारा हा विचार माणसाच्या पायातली बेडी झाला.

बाबासाहेबांनी प्रश्न कुठे नेऊन ठेवला

बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झाला. धम्म काय नाही हे सांगणाऱ्या भागात ईश्वरावरील विश्वास हा धम्माचा भाग नाही, असे त्यांनी स्वतंत्र प्रकरणात मांडले. वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन ब्राह्मणांशी झालेल्या तथागतांच्या संवादातून ते प्रकरण पुढे सरकते.

तिथले युक्तिवाद थोडक्यात असे. ईश्वर कोणी पाहिलेला नाही. त्याने जग कशातून केले? आधी असलेल्या कशातून तरी केले असेल, तर त्या आधीच्या वस्तूचा तो निर्माता नाही, म्हणून आदिकारण नाही. ईश्वर सर्वशक्तिमान आणि सर्व घडवणारा असेल, तर माणसाला स्वतःची इच्छा उरत नाही, तो केवळ हत्यार ठरतो. ईश्वर चांगला असेल, तर माणसे खुनी, चोर आणि खोटारडी का होतात? शेवटी बाबासाहेब व्यवहाराकडे येतात. ईश्वरावरील विश्वासातून पूजा आणि प्रार्थना येते, त्यातून पुरोहित येतो आणि पुरोहित सम्यक दृष्टीचा घात करतो. बाबासाहेबांना सर्वात मोठी काळजी या शेवटच्या मुद्द्याची होती, असे मला वाटते.

दीक्षाभूमीवर दिलेल्या २२ प्रतिज्ञांची सुरुवात देवदेवतांना देव न मानण्यापासून आणि ईश्वराने अवतार घेतला यावर विश्वास न ठेवण्यापासून होते, यामागे ही सगळी विचारपरंपरा उभी आहे. ती केवळ रागाची भाषा नाही.

दोन्ही वाटांनी येणारी अडचण

आता मघाच्या दोन पक्षांकडे परत येऊ.

समजा देव तर्काच्या वर आहे. तो परस्परविरोधी गोष्टीही करू शकतो. मग ‘देव दयाळू आहे’ या वाक्यातून काहीच कळत नाही, कारण तो त्याच वेळी, त्याच अर्थाने दयाळू नसूही शकतो. ‘देवाने वचन दिले’ यालाही अर्थ नाही, कारण वचन पाळणे आणि मोडणे तो एकाच वेळी करू शकतो. शिवाय दुःखाचे समर्थन करायला एकही शब्द उरत नाही. माणसाला स्वातंत्र्य द्यायचे म्हणून वाईटाला वाव द्यावा लागला, हे नेहमीचे उत्तर इथे चालत नाही. जो तर्काच्या वर आहे त्याला ‘द्यावा लागला’ असे काही नसतेच. पूर्ण स्वातंत्र्य आणि शून्य क्रौर्य दोन्ही एकदम देणे त्याला सहज शक्य होते.

समजा देव तर्काच्या चौकटीत आहे. हे मत अधिक शहाणपणाचे आहे आणि बहुतेक मोठ्या ईश्वरवादी पंडितांनी तेच स्वीकारले. पण मग निदान एक गोष्ट अशी आहे जी देवाच्या मर्जीवर चालत नाही. तर्क हा देवाचाच स्वभाव आहे, बाहेरचे बंधन नाही, असे ते म्हणतात. मानू. तरीही प्रत्येक दुःखाबद्दल त्यांना दाखवावे लागेल की ते टाळणे तर्कानेच अशक्य होते. नुसते अवघड होते म्हणून चालणार नाही, कारण सर्वशक्तिमानाला अवघड काही नसते. निसर्गनियमच तसा होता म्हणूनही चालणार नाही, कारण तो नियम त्यानेच केला.

खुनी माणसाच्या खुनाबद्दल ‘स्वातंत्र्य’ हे उत्तर काही प्रमाणात लागू पडेल. पण सहा महिन्यांच्या बाळाच्या हातापायांना सूज येऊन ते रात्रभर रडते, त्यात कोणाचे स्वातंत्र्य आहे? आणि अस्पृश्यतेबद्दल तर हे उत्तर उलटेच पडते. शतकानुशतके काहींना पाणी, शाळा, मंदिर, रस्ता बंद ठेवण्याचे स्वातंत्र्य मिळाले आणि बाकीच्यांना पाणी पिण्याचेही नाही. मानवी स्वातंत्र्याची इतकी कदर असलेल्या देवाने ते असे वाटले कसे?

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. या युक्तिवादाने कुठल्याच प्रकारचा देव नाही असे सिद्ध होत नाही. मर्यादित शक्तीचा देव, जगात हस्तक्षेप न करणारा देव, केवळ मनाचा आधार म्हणून मानलेला देव यांना तो लागू पडत नाही. शेजारची वारकरी आजी पंढरीला जाते तेव्हा ती तर्कशास्त्राचा सिद्धान्त मांडत नसते, तिला माणसांची सोबत आणि जिव्हाळा हवा असतो. तिची थट्टा करणे हे सम्यक वाणीत बसत नाही. युक्तिवाद एवढेच दाखवतो की ‘देव काहीही करू शकतो’ हे वाक्य दुःखाच्या प्रश्नाचे उत्तर नाही.

वस्तीत या प्रश्नाचे काय होते

सहा महिन्यांच्या बाळाचे उदाहरण मी उगाच दिले नाही. हातापायांची अशी दुखरी सूज हे लहान बाळांतले सिकलसेलचे एक सुरुवातीचे लक्षण असते. विदर्भात हा आजार आदिवासी समाजात आणि आपल्या बौद्ध समाजातही मोठ्या प्रमाणावर आढळतो. उत्तर नागपुरातल्या वस्त्यांत काम करताना सिकलसेलग्रस्त मुलांच्या घरी माझे वारंवार जाणे होते.

हा आजार आईवडिलांकडून येणाऱ्या जनुकांमुळे होतो. आई आणि वडील दोघेही वाहक, म्हणजे एएस असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस म्हणजे रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के असते. ‘प्रत्येक’ हा शब्द महत्त्वाचा आहे. अनेक कुटुंबे समजतात की चारात एक म्हणजे एक मूल आजारी झाले, आता पुढची तीन सुरक्षित. तसे नाही. दर वेळी शक्यता नव्याने तेवढीच असते. आधीच्या मुलाने पुढच्याचा हिशोब चुकता केलेला नसतो.

या घरांत मी तीन उत्तरे ऐकते. पहिले, देवाची मर्जी. दुसरे, आमचे किंवा सुनेचे मागच्या जन्मीचे पाप. तिसरे, अमुक ठिकाणी नेले तर तो काहीही करू शकतो, गोळ्या बंद करा. तित्थ सुत्तातली पहिली दोन मते अडीच हजार वर्षांनी नागपूरच्या गल्लीत जशीच्या तशी भेटतात. पहिल्या उत्तराने प्रयत्न थांबतो. दुसऱ्याने दोष बहुतेक वेळा बाईवर येतो, जरी जनुक दोघांकडून आलेले असते. तिसऱ्याने मुलाचा जीव धोक्यात येतो. हायड्रॉक्सीयुरियासारखे औषध नियमित घेतले तर वेदनेचे झटके कमी होतात, पण डॉक्टरांना न विचारता ते बंद केले तर तो फायदा हातचा जातो.

प्रतीत्यसमुत्पाद म्हणजे हे असल्यामुळे ते होते, हे नसले तर ते होत नाही. घरातल्या माणसांना मी हेच साध्या भाषेत सांगते. आजाराला कारण आहे. ते कोणाची मर्जी नाही आणि कोणाचे पापही नाही. कारण असल्यामुळेच आपल्याला काही करता येते. लग्नाआधी दोघांची तपासणी करता येते. दोघेही वाहक असतील तर लग्न करू नका असे मी सांगत नाही, पण माहिती घेऊन निर्णय घ्या आणि गरोदरपणात लवकर डॉक्टरांचे समुपदेशन घ्या, एवढे आग्रहाने सांगते. १ जुलै २०२३ पासून देशात सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू आहे आणि २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट ठरवलेले आहे. पण तपासणीला माणूस आला तरच त्याचा उपयोग. ‘त्याच्या मनात असेल तसे होईल’ म्हणणारा तपासणीला येत नाही.

आपल्या घरातला सर्वशक्तिमान

शेवटचा मुद्दा आपल्याच समाजाचा आहे. देव सोडला, पण सर्वशक्तिमानाची सवय सुटली का? बुद्धमूर्तीपुढे नोकरीसाठी नवस बोलणारी घरे मी पाहते. परित्तपाठ झाला म्हणजे ऑपरेशन यशस्वी होणारच, असे मानणारेही आहेत. तथागतांनी स्वतःला मार्गदाता म्हटले, मोक्षदाता नव्हे, हे बाबासाहेबांनी ठळकपणे मांडले. जो वाट दाखवतो त्याच्याकडे ‘काहीही’ करून देण्याची मागणी करता येत नाही. वाट आपल्यालाच चालावी लागते. परित्तपाठाने मन शांत होते, घरची माणसे एकत्र येतात, त्याचे मोल आहेच. पण ते मोल औषधाच्या जागी ठेवले की आपण पुन्हा पुरोहिताच्या दारात उभे राहतो.

काही जण विचारतात की नागार्जुनांनीही ‘आहे, नाही, दोन्ही, दोन्ही नाही’ अशा चारही पर्यायांचा निषेध केला, म्हणजे बौद्धही तर्काच्या पलीकडेच गेले ना? या चतुष्कोटीचा अर्थ कसा लावावा यावर अभ्यासकांत वाद आहे. पण नागार्जुनांची पद्धत पाहिली तर प्रतिपक्षाच्या म्हणण्यातून विरोध निघतो, म्हणून ते म्हणणे सोडा, अशीच ती चालते. विरोध निघाला तरी मान्य करा, असे ते कुठे म्हणत नाहीत. म्हणजे तर्क त्यांनी गुंडाळून ठेवला नाही, तर शेवटपर्यंत वापरला.

तेव्हा मुलाने दगडाचा प्रश्न विचारला तर त्याला गप्प करू नका. आधी त्याला अशक्याचे तीन प्रकार सांगा. मग विचारा, तीन कोपऱ्यांचा चौकोन काढता येत नाही, तर त्यात चित्रकाराची चूक आहे का? तो नाही म्हणेल. त्यानंतर दुसरा प्रश्न विचारा. ‘देव सगळं करू शकतो’ असं कोणी सांगितलं आणि तुझी बहीण आजारी पडली, तर तू त्या माणसाला काय विचारशील? त्याचे उत्तर येईपर्यंत थांबा. आणि घरात कोणाची सिकलसेल तपासणी राहिली असेल, तर याच आठवड्यात जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन ती करून घ्या.